जिभेखालची गोळी आणि आपल्या लेकीबाळी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी समिती आम्हाला उभं करते आणि विषयही देते. कधी शिक्षण, कधी अंधश्रद्धा, कधी संघटन. या वेळी विषय आम्हीच मागून घेतला. ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी आली, ती आम्ही पाहिली. विषय आहे, गर्दाच्या विळख्यातून सुटण्यासाठी रोज औषध घेणाऱ्या बायांचा.

व्यसनावर या विहारात भाषणे पुष्कळ झाली. पण त्या सगळ्या भाषणांत बाई एकाच जागी उभी असते. दारुड्याची बायको, मार खाणारी, मंगळसूत्र गहाण टाकणारी. ती स्वतःच पुडीत अडकली असेल तर तिच्यासाठी आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. पुरुषाला आपण गर्दुल्ला म्हणतो. शिवीच ती, पण तिच्यात थोडी कीव असते. बाईला जे म्हणतात ते इथे लहान मुलं बसली आहेत म्हणून आम्ही उच्चारत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्या बायांचा आणि अफूचा काय संबंध? संबंध फार जुना आहे. अफू, अफूपासून हेरॉईन, आणि हेरॉईनचा गाळीव नसलेला प्रकार म्हणजे ब्राऊन शुगर, आपल्या मुंबईच्या भाषेत गर्द. ही सगळी एकाच वेलीची फळं. आमच्या आजीच्या पिढीतल्या गिरणीतल्या बाया तान्ह्या पोराला बाळागोळी देऊन कामावर जात. त्या गोळीत अफू असे. पोर दिवसभर निपचित पडून राही आणि आईची हजेरी लागे. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. त्या काळच्या शहाण्या लोकांनी आयांना अडाणी म्हटलं, निर्दय म्हटलं. पण पाळणाघर किती गिरण्यांनी काढलं? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या हक्काच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९२९ मध्ये कायदा झाला. म्हणजे दोष कोणाला द्यायचा आणि सोय कोणी करायची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मग १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले किती तरी परत कधी आत गेलेच नाहीत. त्याच वर्षांत गर्द मुंबईत पसरलं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या बरोबरीची पोरं पन्नीवर पूड ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायची. पुढे १९८९ मध्ये आम्ही बदली म्हणून साचाखात्यात लागलो, तेव्हा त्यातली चार-पाच पोरं जगात नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच, पण गर्दाची पाळी अजून सुटलेली नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत, असे त्यात लिहिले आहे. यात अफू आली, गर्द आलं आणि दुखण्यावरच्या गोळ्याही आल्या. ट्रामाडोल नावाची वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये सरकारला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली. अंग ठणकतं म्हणून गोळी घेणारी बाई आणि गर्द ओढणारी बाई, दोघींच्या डोक्यातलं यंत्र एकच आहे. हेही ध्यानात ठेवा.

ते यंत्र कसं चालतं ते साध्या भाषेत सांगतो. मेंदूत कुलपं आहेत असं समजा. गर्द ही त्यात बसणारी किल्ली. रोज किल्ली फिरवून फिरवून शरीराला तिची सवय लागते. मग किल्ली मिळाली नाही की टर्की येते. हाडं मोडल्यासारखं दुखणं, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना सांगायला नको. "मनाचा निश्चय नाही" असं आपण म्हणतो. अहो, निश्चय असतो. टर्कीच्या तिसऱ्या रात्री तो राहत नाही.

यावर जगात औषध निघालं त्याला साठ वर्षं झाली. न्यूयॉर्कमध्ये मेरी निस्वांडर नावाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी १९५६ साली एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच 'व्यसनी माणूस हा रुग्ण आहे' असा होतो. तेव्हा असं म्हणणं मोठ्या हिमतीचं होतं. व्हिन्सेंट डोल या डॉक्टरांबरोबर त्यांनी १९६५ साली मेथाडोन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. ते पातळ औषध, रोज प्यायचं. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं. ही गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच-दहा मिनिटांत ती विरघळते. ती त्याच कुलपात बसते, पण अर्धीच फिरते. टर्की थांबते, डोकं ताळ्यावर राहतं, आणि कुलूप अडवून बसल्यामुळे वरून गर्द घेतलं तरी त्याची मजा येत नाही. असर एक दिवसाहून जास्त टिकतो. या दोन्ही औषधांना जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पहिली गोळी मात्र टर्की सुरू झाल्यावरच घ्यायची असते. गर्द अंगात असताना घेतली तर तीच गोळी जोराची टर्की आणते. म्हणून कोणाची तरी गोळी कोणाला तरी देण्याचा उद्योग घरात करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. आणि गोळी पोराबाळांच्या हाती लागता कामा नये, ती कुलपातच ठेवायची.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आम्हाला वस्तीत जो भेटतो तो हेच म्हणतो, "दादा, एक नशा सोडून दुसरी लावली, यात सुटली काय?" काही जण त्यापुढे जाऊन पंचशीलावर बोट ठेवतात. पाचवं शील घेतलेली बाई अशी गोळी कशी खाते?

भन्तेजी इथे बसले आहेत, आमचं चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. विनयपिटकातील महावग्गात औषधांचा एक सबंध भाग आहे. पिलिन्दवच्छ नावाच्या थेरांना वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेलात मद्य घालून शिजवायला सांगितलं. भिक्खूंना शंका आली, ते तथागतांकडे गेले. तथागतांनी परवानगी दिली. मग काही भिक्खूंनी तेलात मद्य जास्त घातलं आणि ते पिऊन त्यांना चढली. तेव्हा नियम झाला, की मद्याचा रंग, वास आणि चव लागणार नाही इतकंच घालावं. म्हणजे त्या काळीही प्रश्न पदार्थाचा नव्हता. प्रमाण किती, हेतू काय आणि माणूस शुद्धीवर राहतो की गाफील होतो, हे पाहिलं गेलं. ठरलेल्या मात्रेत गोळी घेणारी बाई गाफील होत नाही. ती सकाळी उठते, डबा करते, कामावर जाते, पोराचा अभ्यास घेते. गर्दावर असताना यातलं काय होत होतं?

आणि जरा आपल्याकडेही बघू या. आमच्या किती तरी मावश्या, आत्या सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. त्यांना कोणी वंदनेतून उठवलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आपल्याच वस्तीतल्या एका लेकीची हकीगत सांगतो. नाव सांगणार नाही, कोणी अंदाजही बांधू नये. सांगायला तिची परवानगी आहे. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानेच तिला पुडी दिली, कंबरदुखी जाईल म्हणून. बायांच्या बाबतीत बहुतेक वेळा हे असंच होतं, देणारा घरातलाच असतो. पुढे दोघं सुईवर गेले. नवरा वारला. ती चार घरची धुणीभांडी करून मुलाला सांभाळू लागली आणि कोणी तरी सांगितल्यावरून एका उपचार केंद्रात जाऊ लागली. दोन बस बदलून. केंद्राची वेळ सकाळची, कामाची वेळही सकाळची. रांगेत तीस-चाळीस पुरुष आणि त्यात ही एकटी. त्यातले दोघे तिला जुन्या दिवसांपासून ओळखणारे, बाहेर पडली की पुडी दाखवायचे. दारावरचा माणूस सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचा, "ए बाई, तू कशाला, नवऱ्याची गोळी न्यायला आलीस काय?" आत डॉक्टर चांगले होते, तेही सांगायला हवं. पण महिन्यात सहा-सात दिवस खाडा पडू लागला.

घरी सासूने अट घातली. गोळी बंद कर, तरच पोराला गावाहून परत आणीन. तिने एका दिवसात गोळी बंद केली. पंधरा दिवसांच्या आत ती परत सुईवर गेली. तिची चूक झाली असं आम्ही मानत नाही. पोरासाठी आई दुसरं काय करणार? पण घरच्यांना आणि आपल्याला एक आकडा ठाऊक असायला हवा होता. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात अनेक देशांतल्या सव्वा लाखाच्या आसपास मेथाडोन घेणाऱ्या रुग्णांचा एकत्र हिशेब छापून आला. औषध चालू असताना वर्षाला हजारात ११ माणसं दगावली, औषध सुटल्यावर ३६. औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यात वाईट. कारण शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि माणूस जुन्याच मापाने नशा घेतो. म्हणजे "गोळी सोड" हा सल्ला आपण ज्या सहजपणे देतो, तो सल्ला जिवावर बेततो.

ती वाचली. पुन्हा गोळीवर आली, आता तिसरं वर्ष चालू आहे. मुलगा तिच्याजवळ आहे. सासू अजून बोलत नाही. आणि गेल्या बुद्धपौर्णिमेला या विहारात तिने खिरीच्या पातेल्याला हात लावला, तर पाठीमागे कुजबुज झाली. पातेल्याला हात लावला म्हणून! कुजबुजणाऱ्यांना आम्ही तेव्हाच बोललो होतो, आज व्यासपीठावरून परत बोलतो. हात लावण्यावरून माणूस दूर ठेवणं काय असतं, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलं त्यांनी हे करावं?

बाईचं शरीर वेगळं आहे, तेही उघडपणे बोलायला हवं. तरुण मुलींनी लाजू नये. गर्दावर असताना पुष्कळ बायांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. औषध सुरू झालं, खाणंपिणं सुधारलं की ती परत येते. बाईला वाटत असतं आता आपल्याला काही होत नाही, आणि दिवस जातात. तेव्हा घरचे पहिलं काय म्हणतात? बाळासाठी तरी गोळी सोड. इथेच गफलत होते. एकदम सोडलं तर टर्कीने गर्भ पडण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं आहे, की अशा गरोदर बाईला औषध बंद करण्यापेक्षा औषधावर ठेवणं चांगलं. जन्मल्यावर बाळ काही दिवस चिडचिडं होतं, थरथरतं, रडं थांबत नाही. पण हा त्रास दवाखान्यात ओळखता येतो आणि बरा करता येतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनवरच्या आयांची बाळं सरासरी १० दिवसांत घरी गेली, मेथाडोनवरच्या आयांची साडेसतरा दिवसांत. औषधावर स्थिर असलेल्या आईने अंगावर पाजायला सहसा हरकत नसते, पाजल्याने बाळाचा त्रास कमीच होतो. मात्र हे सगळं डॉक्टरला ठाऊक असलं तर. बाई भीतीने लपवते, कारण तिला वाटतं पोर काढून घेतील. आणि लपवलं की बाळ का रडतंय हे कोणालाच कळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे, की हे औषध जवळच्या साध्या दवाखान्यात मिळायला हवं. जिथे बाई लसीकरणाला जाते, रक्तदाब मोजायला जाते, तांबी बसवायला जाते, तिथेच. साध्या दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, तू कशाला आलीस. मोठ्या केंद्राच्या रांगेत उभं राहणं म्हणजे कपाळावर लिहून घेणं. तीच परिचारिका गोळी देईल, तीच पोटातल्या बाळाचे ठोके ऐकेल, तीच काविळीची आणि एचआयव्हीची तपासणी करून घेईल. एकीला चार ठिकाणी धावायला लावलं तर ती एकाही ठिकाणी पोचत नाही.

हे स्वप्न नाही. फ्रान्समध्ये १९९६ पासून गल्लीतले साधे डॉक्टर ही गोळी लिहून देऊ लागले. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तिथे अफूजन्य नशेने जास्त डोस होऊन मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ चार-पंचमांशाने घटली. आपल्या देशातही दिल्लीच्या त्रिलोकपुरी वस्तीत एम्सने वस्तीतला दवाखाना चालवून हे औषध दिलं. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखाने काढले आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेक दिवसांच्या गोळ्या एकदम घरी द्यायला सुरुवात केली. बाईसाठी घरी न्यायची गोळी म्हणजे वाचलेला रोजगार. दुसरी बाजूही सांगतो. गोळ्या काळ्या बाजारात गेल्या, काहींनी विरघळवून सुईने घेतल्या. म्हणून त्यात नालोक्सोन मिसळून देतात, सुईने घेतली तर टर्की यावी यासाठी. सुरुवातीला रोज समोर बसवून द्यावी, बाई स्थिर झाली की हळूहळू घरी द्यावी, हे शहाणपणाचं आहे. नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, २००७-०८ पासून ही गोळी सरकारी खर्चाने देते. पण तिची योजना मुख्यतः सुईने नशा घेणाऱ्यांसाठी आहे. पन्नीवर धूर ओढणाऱ्या बाईने काय करायचं? सुईवर जाईपर्यंत थांबायचं?

आपल्या वस्तीला हे नवीन वाटू नये. टीबीचं औषध असंच जवळ आलं. पूर्वी टीबी झाला की शिवडीला धाव होती आणि घराला बट्टा होता. मग दवाखान्यात समोर बसवून गोळी देऊ लागले, आरोग्य सेविका घरी येऊ लागली, आणि हळूहळू टीबीचं नाव घ्यायला लोक धजले. फरक एक आहे. टीबीचा कोर्स महिन्यांत मोजता येतो. या गोळीला तारीख घालता येत नाही. कोणाला दोन वर्षं, कोणाला दहा, कोणाला जन्मभर. कमी करायची तर डॉक्टरने आणि त्या बाईने मिळून, सावकाश. सासूने नव्हे, विहार समितीनेही नव्हे.

आता कामाचं बोलतो. महापालिकेच्या दवाखान्यासाठी निवेदन तयार केलं आहे. आठवड्यातून ठरावीक दिवशी बायांसाठी वेगळी वेळ, प्रशिक्षित डॉक्टर, आणि गोळी तिथेच मिळावी, एवढीच मागणी त्यात आहे. सह्या हव्यात, आणि बायांच्या हव्यात. दुसरं, केंद्रात जाताना सोबत जायला आणि तेवढा वेळ पोर सांभाळायला महिला मंडळातल्या पाच-सहा जणी हव्यात. दोघींनी कालच नावं दिली, त्यातली एक सत्तरीची आहे. निवेदन पुस्तकांच्या स्टॉलशेजारच्या टेबलावर ठेवलं आहे. आम्ही आणि मंडळाच्या सचिव ताई रात्री नऊपर्यंत तिथे बसू. ज्यांना चारचौघांत यायचं नसेल त्यांनी उद्या संध्याकाळच्या वंदनेनंतर आमच्या खोलीवर यावं. घरात आमची मंडळी असतील, त्यांच्याशी बोललं तरी चालेल.

जय भीम! नमो बुद्धाय!